दारावरील पाटी

शहरांचा इतिहास लिहितांना तट, वाडे, पूल, बाजारपेठा यांचें वर्णन येतें. शौचगृहाचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. विषय अशिष्ट वाटतो, हेंच त्याचें कारण. परंतु माणसानें घराबाहेर किती दूर जावें आणि एखाद्या इमारतींत किती वेळ थांबावें, हें पुष्कळ अंशीं याच क्षुद्र वाटणाऱ्या खोलीवर अवलंबून असतें. त्या खोलीच्या दारावर 'पुरुष' किंवा 'स्त्रिया' अशी पाटी असावी, कीं नुसतें 'शौचगृह' एवढाच शब्द असावा, याविषयीं अमेरिकेंतील अनेक नगरांनीं व राज्यांनीं गेल्या वीस वर्षांत नियम केले आहेत. त्यांचें मर्म कळण्यास ही पाटी मुळांत दारावर आली कशी, तें पाहिलें पाहिजे.

लंडनच्या हाइड पार्कमध्यें १८५१ सालीं महाप्रदर्शन भरलें, तेव्हां जॉर्ज जेनिंग्ज या नळकामांत निष्णात असलेल्या गृहस्थानें तेथें पाण्याचे शौचकूप बसविले. एक पेनी दिली कीं त्यांचा उपयोग करतां येई. प्रदर्शन संपेपर्यंत ८,२७,२८० लोकांनीं ही पेनी दिल्याची नोंद झाली. गरज सिद्ध झाली होती. पण लाज सुटली नव्हती. फेब्रुवारी १८५२ मध्यें फ्लीट स्ट्रीटवर पुरुषांसाठीं व बेडफर्ड स्ट्रीटवर स्त्रियांसाठीं अशीं दोन शौचगृहें उघडण्यांत आलीं. परंतु लोकांनीं तिकडे पाठ फिरविली व तीं लौकरच बंद पडलीं. पुढें नगरसंस्थांनीं हें काम हातीं घेतलें, तेव्हां सोय झाली ती मुख्यतः पुरुषांची. स्त्रीलाही रस्त्यावर असतां देहधर्म असतो, हें उघड मान्य करणें म्हणजेच त्या काळच्या शिष्टाचारास धक्का होता.

हा धक्का किती मोठा होता, याची साक्ष लंडनमधील कॅम्डेन टाउनच्या चौकानें दिली. सुप्रसिद्ध नाटककार बर्नार्ड शॉ हे त्या वेळीं सेंट पँक्रास विभागाच्या स्थानिक संस्थेचे सभासद होते. या चौकांत स्त्रियांसाठीं शौचगृह बांधावें, अशी सूचना १९०० सालीं पुढें आली. जागा अजमावण्यासाठीं तेथें एक लांकडी नमुना उभा करण्यांत आला. विरोधकांनीं काय करावें? रस्त्यास अडथळा होतो हें दाखविण्यासाठीं गाडीवाल्यांनीं त्या नमुन्यावर मुद्दाम गाड्या घातल्या! पुरुषांची सोय त्या भागांत आधींच होती. तिचा अडथळा मात्र कोणास वाटला नव्हता. शॉ यांनीं १९०९ सालीं लिहिलेल्या एका लेखांत आणखी एक अन्याय दाखवून दिला. पुरुषांस मुतारी फुकट आणि स्त्रीला प्रत्येक वेळीं पेनी; गरीब स्त्रीला ही पेनी परवडणारी नव्हती.

अमेरिकेंत ही पाटी कायद्याच्या हातानें दारावर चढली. मॅसॅच्युसेट्स राज्यानें १८८७ सालीं कारखान्यांत स्त्रियांसाठीं स्वतंत्र शौचगृहें असावींत असा कायदा केला, आणि १९२० पर्यंत चाळीसांहून अधिक राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. या कायद्यांमागील हेतु मिश्र होते. स्त्री ही नाजूक, तिचें खरें स्थान घर, बाहेर पडलीच तर तिला आडोसा हवा, ही जुनी समजूत त्यांत होती. तशीच गिरणींत राबणाऱ्या मुलींच्या आरोग्याची व अब्रूची खरी काळजीही होती. समजूत जुनी म्हणून लाभ खोटा ठरत नाहीं. 'स्त्रिया' ही पाटी म्हणजे त्या इमारतींत स्त्री येणार हें मालकानें दिलेलें लेखी कबुलीपत्रच होतें. जेथें ती पाटी नव्हती, तेथें स्त्री अपेक्षितच नव्हती. अमेरिकेच्या सेनेटच्या सभागृहालगत स्त्री सभासदांसाठीं शौचगृह झालें तें १९९२ च्या निवडणुकीनंतर. प्रतिनिधिगृहाच्या सभागृहालगत तर २०११ सालीं.

म्हणून नवे नियम ऐकतांच 'शंभर वर्षांचें कमावलेलें गेलें' अशी शंका स्त्रियांच्या मनांत यावी, हें स्वाभाविक आहे. परंतु नियमांचे शब्द वाचले पाहिजेत. वॉशिंग्टन नगरानें २००६ सालीं केलेला नियम एवढेंच सांगतो कीं, जी खोली एका वेळीं एकाच माणसानें वापरावयाची आहे, तिच्यावर स्त्री-पुरुष भेद दाखविणारी पाटी नसावी. सिअ‍ॅटल नगरानें २०१५ सालीं तसाच नियम केला. कॅलिफोर्निया राज्याचा कायदा २०१६ सालीं मंजूर होऊन १ मार्च २०१७ पासून अंमलांत आला. त्यानें व्याख्याही स्पष्ट केली : फार तर एक शौचकूप व एक मुतारी, आणि दाराची कडी आंतील माणसाच्या हातीं. अशा खोलीला भिंत पाडावी लागत नाहीं, नवा नळ लागत नाहीं. पाटी तेवढी बदलावी लागते.

ती पाटीही मनास येईल तशी लावून चालत नाहीं. कॅलिफोर्नियांत पुरुषांच्या दारावर त्रिकोण व स्त्रियांच्या दारावर वर्तुळ लावण्याचा प्रघात आहे. ज्यांची दृष्टि मंद आहे त्यांस आकृतीवरून दार ओळखतां यावें, हा त्यांतील हेतु. सर्वांसाठीं असलेल्या दारावर बारा इंच व्यासाचें वर्तुळ आणि त्याच्यावर भिन्न रंगाचा त्रिकोण, अशी जोड आकृति लावावी लागते. घरोघरीं संडासाच्या एकाच दाराआड सारें कुटुंब जातें. इमारतींतील एकट्याच्या खोलीलाही तोच न्याय लागला. लाभ मात्र अनेकांचा झाला. आजारी नवऱ्यास हात देणारी पत्नी, लहान मुलीस घेऊन आलेला बाप, आणि दोन्ही पाट्यांखालीं अपमानच वाट्यास येणारा तृतीयपंथी मनुष्य, या सर्वांस एक निर्भय दार मिळालें.

खरा वाद आहे तो अनेकांनीं एकत्र वापरावयाच्या मोठ्या खोलीविषयीं. नॉर्थ कॅरोलायना राज्यानें मार्च २०१६ मध्यें उलट कायदा करून, सरकारी इमारतींत जन्मदाखल्यावर जें लिंग लिहिलें असेल त्याच खोलींत जावें, असें फर्मावलें. मोठा गदारोळ होऊन पुढल्याच वर्षीं तें कलम रद्द करावें लागलें. इंग्लंडनें १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या सार्वजनिक इमारतींसाठीं मधला मार्ग धरला : स्त्रियांसाठीं व पुरुषांसाठीं स्वतंत्र सोय असावी, आणि जागा असेल तेथें सर्वांसाठीं हात धुण्याच्या सोयीसह बंदिस्त स्वतंत्र खोल्याही असाव्यात. जागाच अपुरी असेल, तर अशा खोल्यांवर भागवितां येतें.

या मधल्या मार्गांत शहाणपण आहे. एखाद्या इमारतीच्या चालकानें स्त्रियांच्या मोठ्या खोलीवर 'सर्वांसाठीं' अशी पाटी लावली आणि पुरुषांच्या मुताऱ्या मात्र होत्या तशाच राखल्या, तर नियम पाळल्याचें समाधान त्यास मिळेल. पण रांग स्त्रियांचीच वाढेल आणि कॅम्डेनच्या चौकांतील अन्याय नव्या नांवानें परत येईल.

हिंदुस्थानांत हा प्रश्न परका नाहीं. मुंबईंत पुरुषांस मुतारी फुकट व स्त्रियांकडून मात्र पैसे, या प्रकाराविरुद्ध स्त्रियांच्या संस्थांनीं २०११ सालीं चळवळ उभारली. शॉ यांच्या पेनीचीच ही मुंबईची आवृत्ति. सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ रोजीं तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करतांना त्यांच्यासाठीं सार्वजनिक शौचगृहांची सोय करण्यासही सरकारास सांगितलें, आणि २०२० च्या नियमांनीं अशा सोयींसाठीं दोन वर्षांची मुदत घातली. मुदत कागदावर संपते. ज्याला कचेरींत काम संपेपर्यंत थांबावयाचें आहे, त्याची अडचण तशी संपत नाहीं. पाटी बदलणें हें सुताराचें अर्ध्या तासाचें काम आहे. त्या दारामागें खोली आहे, पाणी आहे, आणि कडी आंतून लागते, एवढें पाहणें हें मात्र नगरपालिकेचें रोजचें काम आहे. आणि नियम पाळला कीं नाहीं, हें त्यावरूनच ठरावयाचें आहे.