हाती धरलेला दगड आणि दूरचा ग्रह

पुण्याच्या मार्केट यार्डात धान्याचा सौदा ठरण्यापूर्वी जाणता खरेदीदार मूठभर दाणे हातावर घेतो, रंग पाहतो, एखादा दाणा दाताखाली धरून ओल अजमावतो आणि मगच भाव बोलतो. पण ज्या मालाला हातच लावता येत नाही, त्याची पारख कशी व्हावी? श्रोतेहो, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानापुढे नेमका हाच पेच असतो. खडक शेकडो किलोमीटर खाली. वर पोचतात ते केवळ त्याचे किरण. ते किरण ओळखायचे, तर तसाच खडक आधी पृथ्वीवरील प्रयोगशाळेत मोजलेला हवा.

असा खडक आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये आहे. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. हे ज्वालामुखीचे काम, असे पुष्कळ दिवस मानले जाई. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखविले. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

पुढे १९६९ मध्ये अपोलो-११ चे यात्री चंद्रावरून सुमारे २२ किलो दगडमाती घेऊन आले. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे ठरले आणि लोणारचे मोल एकदम वाढले. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी विवराच्या तळात भोके पाडून नमुने काढले. त्यांत मास्केलिनाइट सापडले. हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाबाचा धक्का बसला, म्हणजे खडकातील खनिज न वितळताच काचेसारखे होते, तेच हे. ज्वालामुखीला एवढा जोर नसतो. १९७३ साली निकाल जाहीर झाला : हे विवर उल्कापाताचेच. आणि गंमत अशी, की मास्केलिनाइट प्रथम ओळखले गेले ते १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आलेली, हे पुष्कळ नंतर उमगले.

मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसॉल्टचाच. म्हणून अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी लोणारच्या दगडांतून निघणारे अवरक्त किरण प्रयोगशाळेत मोजले व २०११ साली ते प्रसिद्ध केले. धक्का जितका मोठा, तितकी किरणांची खूण बदलते, असे दिसले. ही मोजमापे हाताशी नसती, तर धक्का बसलेला खडक हा कोणी निराळाच खडक आहे, अशी यानाची समजूत होऊ शकली असती.

बेसॉल्टमधली अशी विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत. २०२० साली लोणार सरोवराची रामसर पाणथळ यादीत नोंद झाली. पाण्याची काळजी घ्यायलाच हवी. पण उल्कापाताने बाहेर उडालेला दगडगोटा विवराच्या कडेबाहेर, शेताशिवारांतही पसरलेला आहे. तो फोडला, उचलला, बांधकामात गेला, की पुन्हा मिळायचा नाही. गुरुजींनी मुलांना लोणार जरूर दाखवावे. दगड मात्र जागच्या जागी राहू द्यावा.