लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर

लष्करी डॉक्टरांचे कार्यक्षेत्र रुग्णालयाच्या आवारातच संपते, असा सर्वसाधारण समज आहे. लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर यांची कारकीर्द मात्र मुलांच्या वॉर्डात सुरू होऊन संरक्षण दलांच्या संयुक्त नियोजनापर्यंत आणि देशाच्या विज्ञानधोरणापर्यंत पोहोचली.

त्यांचा जन्म १९६० साली धारवाडला झाला. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) पदवी घेऊन डिसेंबर १९८२ मध्ये त्या सेनादलात दाखल झाल्या. बालरोगशास्त्रानंतर त्यांनी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये बाल-मूत्रपिंडविकारांचे प्रशिक्षण घेतले. सशस्त्र दलांत या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या त्या पहिल्याच डॉक्टर. नेफ्रॉटिक सिंड्रोमसारख्या विकारात मुलाच्या लघवीवाटे प्रथिने निघून जातात, अंगावर सूज येते. स्टिरॉइडने उतार पडतो, पण दुखणे पुन:पुन्हा उलटते. उपचार वर्षानुवर्षे चालतात आणि सैनिकाची बदली तर ठरलेलीच. अशा कुटुंबांना हक्काचा आधार हवा होता. पुणे व दिल्ली येथील लष्करी रुग्णालयांत या विकारांसाठी स्वतंत्र विभाग उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने.

पुढे त्या एएफएमसीच्या अधिष्ठाता झाल्या. २०१८ साली पंतप्रधानांना विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष या विषयांवर सल्ला देणारी परिषद स्थापन झाली. डॉ. के. विजयराघवन यांच्या अध्यक्षतेखालील या परिषदेत 'इस्रो'चे माजी अध्यक्ष ए. एस. किरणकुमार, गणितज्ञ मंजुल भार्गव, उद्योगपती बाबा कल्याणी यांच्यासमवेत तेव्हा मेजर जनरल असलेल्या कानिटकर यांचीही निवड झाली.

२९ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांना लेफ्टनंट जनरल हा हुद्दा मिळाला. पुनिता अरोरा आणि पद्मावती बंदोपाध्याय यांच्यानंतर तीन तारांच्या पदावर पोहोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. तिघीही डॉक्टर आणि तिघीही एएफएमसीच्या, हा योगायोग नव्हे. वैद्यकीय व शुश्रूषा सेवा वगळता लष्कराची दारे महिला अधिकाऱ्यांना १९९२ पर्यंत बंदच होती. महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कानिटकर यांच्या बढतीच्या अवघे बारा दिवस आधी, १७ फेब्रुवारीला लागला होता. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लष्करातून लेफ्टनंट जनरल म्हणूनच निवृत्त झाले.

नवे पद होते एकात्मिक संरक्षण मुख्यालयाच्या वैद्यकीय विभागाच्या उपप्रमुखाचे. कारगिल युद्धानंतरच्या फेरविचारातून २००१ मध्ये हे मुख्यालय उभे राहिले, तर संरक्षण दलप्रमुख हे पद जानेवारी २०२० मध्ये अस्तित्वात आले होते. भूदल, नौदल व हवाई दलाच्या वैद्यकीय गरजांचे एकत्रित नियोजन हे काम कागदावर रुक्ष वाटावे असे. कानिटकर रुजू झाल्या आणि काही आठवड्यांतच करोनाने देश ठप्प झाला. दिल्ली छावणीत 'डीआरडीओ'ने जुलै २०२० मध्ये हजार खाटांचे रुग्णालय उभारले आणि ते चालविण्याची जबाबदारी सशस्त्र दलांच्या डॉक्टर-परिचारिकांवर आली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, नुकत्याच निवृत्त झालेल्या लष्करी डॉक्टरांनाही पुन्हा पाचारण करावे लागले. खाटा, प्राणवायू व मनुष्यबळ यांचा हिशेब हा राष्ट्रीय सुरक्षेचाच भाग असतो, हे तोवर साऱ्यांनाच उमगले होते.

जुलै २०२१ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नियुक्ती झाली. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य आहे. त्यांच्याच कार्यकाळात, २०२४ मध्ये, जालना, हिंगोली, गडचिरोली, वाशीम यांसह राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची भर पडली.