गोडसे भटजींची मूळ पोथी
वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली घराबाहेर पडले ते कर्ज फेडण्यासाठी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असे कानावर आले होते. वाटेत बंड पेटले आणि पुढच्या वर्षी झाशीच्या वेढ्यात ते शहराच्या आत सापडले.

ही हकीकत त्यांनी लिहून काढली ती 1883च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर. त्यांच्या यजमानांच्या घरातले चिंतामण विनायक वैद्य यांनी तसा आग्रह धरला होता. म्हणजे पाहिल्याला पंचवीस वर्षे लोटली होती. इतक्या जुन्या आठवणीवर विसंबावे किती?

सरसकट उत्तर देता येत नाही, प्रसंगागणिक पाहावे लागते. महूजवळ भेटलेल्या शिपायांनी त्यांना चौऱ्यांशी कलमांची गोष्ट सांगितली: सरकारने धर्म बुडवणारी कलमे राजेरजवाड्यांपुढे ठेवली म्हणे. असा कायदा कधी झालाच नाही. पण शिपाई काय खरे मानून लढायला उठले होते, हे त्या ऐकीव गोष्टीतून जसे कळते तसे सरकारी कागदांतून क्वचितच कळते.

झाशीचे तसे नाही. तिथे भटजी साक्षीदार आहेत. वेढा घालणाऱ्या ह्यू रोजच्या फौजेतला डॉक्टर थॉमस लो याने 1860 साली आपल्या मोहिमेची हकीकत छापली, ती तटाबाहेरून पाहिलेली. भटजी तटाच्या आत, जीव मुठीत धरून लपलेले. 3 एप्रिल 1858 रोजी इंग्रज फौज शहरात शिरली. पुढची लूट भटजी क्रमाने सांगतात: आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे. ग्रंथालयाची धूळधाण सांगताना या विद्वान ब्राह्मणाचा जीव तुटतो. घरोघरी काय उरले आणि काय गेले, हे आतल्या माणसालाच ठाऊक.

सरकारच्या रोषाच्या भीतीने पोथी पडून राहिली. वैद्यांनी 1907 साली ती ‘माझा प्रवास’ म्हणून छापली, तेव्हा भटजी हयात नव्हते. छापताना वैद्यांनी भाषा सुधारली, काही मजकूर गाळला. त्यांचे उपकार मोठेच. त्यांच्या आग्रहावाचून एक ओळही उतरली नसती. तरी भटजींचे स्वतःचे बोलणे वाचकांपुढे आले ते 1966 साली, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली तेव्हा. हे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले होते. वैद्यांनी सुधारून झाल्यावर ते टाकून दिले असते, तर दुरुस्ती कुठे झाली हेही कळले नसते.

आज गावोगावी तरुण मंडळी म्हाताऱ्यांच्या आठवणी मोबाइलवर टिपत आहेत. त्यांना कळकळीची विनंती: मजकूर नीटनेटका करून जरूर छापा, पण मूळ ध्वनिमुद्रण पुसू नका. सांगणाऱ्याचे वय, गाव, तारीख आणि प्रश्न कोणी विचारले, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवा. स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे त्यांनाच विचारून घ्या, ते समोर बसले आहेत तोवर.