इंडियन डर्बी : महालक्ष्मीच्या मैदानावरील आठ दशकांची परंपरा

भारतीय अश्वशर्यतींमध्ये सर्वाधिक प्रतिष्ठेची मानली जाणारी ‘इंडियन डर्बी’ मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सवर साधारणतः फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी धावली जाते. अडथळे नसलेल्या सपाट धावपट्टीवरील ही शर्यत २,४०० मीटर अंतराची असून ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. एका घोड्याला या शर्यतीत आयुष्यात एकदाच उतरता येते.

‘डर्बी’ हे नाव इंग्लंडमधून आले. तेथील एप्सम येथे १७८० मध्ये सुरू झालेल्या शर्यतीला बाराव्या अर्ल ऑफ डर्बी यांचे नाव मिळाले. ब्रिटिश अमदानीत मद्रास, कलकत्ता, मुंबई, पुणे यांच्याप्रमाणेच लखनौसारख्या लष्करी छावणीच्या शहरांतही घोड्यांच्या शर्यती रुजल्या. मुंबईतील शर्यती प्रथम भायखळा येथे होत; १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान तयार झाले. वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला १९३५ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली.

पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये झाली. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने ती जिंकली. तिच्यावर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट स्वार होते. पुढे संस्थाने विलीन झाली आणि राजेरजवाड्यांची जागा उद्योजक व अश्वपैदास केंद्रांनी घेतली. सोली पूनावाला यांनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले केंद्र त्यांपैकी एक होय. डर्बीतील विजयामुळे घोड्याचे पैदाशीसाठीचे मोलही वाढते.

इंग्लंडमध्ये डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. भारतातील घोड्यांचे वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढलेले धरले जाते. त्यामुळे डिसेंबरमध्ये तीन वर्षांचा म्हणून ‘टू थाउजंड गिनीज’मध्ये धावलेला घोडा फेब्रुवारीत चार वर्षांचा म्हणून डर्बीत उतरतो. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात, तर पुण्याचा पावसाळ्यात असतो. त्यामुळे ‘सेंट लेजर’ ही २,८०० मीटरची शर्यत पुण्यात होते. या तिन्ही शर्यती जिंकणारा घोडा ‘तिहेरी मुकुटा’चा मानकरी ठरतो.

शर्यतींवरील पैजेचा प्रश्न न्यायालयातही गेला. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात दिला.

सध्या चर्चा आहे ती मैदानाच्या जागेची. सुमारे २११ एकरांच्या या भूखंडाचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला. राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे, तर ९१ एकर जागा नव्या करारान्वये क्लबकडे राहणार आहे. मोकळ्या जागांची तीव्र टंचाई असलेल्या महानगरात उद्यानाची गरज आणि आठ दशकांची शर्यत, या दोहोंना एकाच मैदानावर सामावून घेण्याची कसोटी यापुढे लागेल.