मुन्शी आणि तारखेची वही

खेड्यातल्या माणसावर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली की त्याला आधी भेटतो तो न्यायाधीश नव्हे, आणि पुष्कळदा वकीलही नव्हे. भेटतो तो वकिलाचा मुन्शी. पुण्या-मुंबईकडे याला कारकून म्हणतात. नांदेड-लातूरकडे मुन्शी हा शब्द अजून रुळलेला आहे. न्यायाच्या इतिहासात कायदे येतात, नामांकित वकील येतात. वसमत तालुक्यातल्या पुरजळचे केशवराव कोरटकर निजामाच्या राज्यात वकिली करून पुढे हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, त्यांचे नाव आपण आदराने घेतो. पण दावा मुदतीत दाखल करणारा, नकला काढणारा, तारखा सांभाळणारा जो माणूस, त्याच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज त्याच्याविषयी बोलू.

निजामाच्या राज्यात 1880 च्या दशकात फारसी मागे पडून उर्दू ही अदालतीची भाषा झाली. आता प्रसंग डोळ्यांपुढे आणा. शेतकरी बोलणार मराठी. त्याच्या घरातले खत मोडीत. आणि अदालतीत फिर्याद, कैफियत, जबानी, हुकूमनामा हे सगळे उर्दूत. आपण बोललो ते तसेच कागदावर उतरले की नाही, हे अंगठा उठवणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. त्याला कागद वाचून अर्थ सांगणारा माणूस एकच, तो मुन्शी. तो प्रामाणिक असला तर जमीन वाचायची, नसला तर अंगठ्याखाली काय गेले ते निकालाच्या दिवशी कळायचे.

बरे, नुसती भाषा परकी असती तरी चालले असते. पंचांगही वेगळे! सरकारी काम फसली सनावर चाले. महिन्यांची नावे आजर, दै, बहमन, इस्फंदार अशी. फसली सनात 590 मिळवले की साधारण इंग्रजी सन येतो; म्हणजे 1357 फसली हे 1947 च्या ऑक्टोबरात सुरू झालेले वर्ष. खुर्दादमधली पेशी म्हणजे एप्रिलच्या सुमाराची, हे चैत्र-वैशाख मोजणाऱ्याला समजावून द्यायचे कुणी? मुन्शीने. पैशाचीही तीच गत. हैदराबादचा हाली शिक्का वेगळा आणि इंग्रजी कलदार वेगळा. सात रुपये हालीचे सहा रुपये कलदार. सोलापूरच्या व्यापाऱ्याशी व्यवहार असलेल्या लातूरच्या अडत्याचा दावा असला, की आधी हा हिशेब जुळवायचा आणि मग पुढचे बोलायचे.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची सत्ता गेली. 1 एप्रिल 1951 पासून भारताचा दिवाणी प्रक्रिया कायदा आणि दंडसंहिता इकडे लागू झाली, आणि ताजिराते आसफियाची कलमे तोंडपाठ असलेले मुन्शी एकाएकी विद्यार्थी झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा तर नकाशाच हलला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत आले. किनवट आदिलाबादेतून नांदेडात आले आणि मुधोळ नांदेडातून तिकडे गेले. ज्याचा वाद जुन्या जिल्ह्यात चालू होता त्याचे कागद शोधत फिरायचे काम कुणाच्या वाट्याला आले असेल, ते सांगायला नको.

हायकोर्टही बदलले. हैदराबाद सुटले, मुंबई आली. नांदेडचा माणूस छोट्या रुळाच्या गाडीने मनमाडला उतरून पुढची गाडी धरी. लातूरचा माणूस बार्शी लाईट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने कुर्डुवाडीला जाई. हा फेरा 27 ऑगस्ट 1981 ला औरंगाबादेत खंडपीठ सुरू होईपर्यंत टिकला. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो त्यानंतर, 1982 साली. तोवर जिल्ह्याचे ठिकाण उस्मानाबाद. मराठवाड्यातल्या माणसाने न्यायासाठी जेवढा प्रवास केला तेवढा तीर्थयात्रेसाठीही केला नसेल, असे मला वाटते.

आता मुन्शीच्या खऱ्या कामाकडे येऊ. त्याची लांबट वही असते. तीत दाव्याचा नंबर, दोन्ही पक्षांची नावे, मागची तारीख, पुढची तारीख आणि त्या दिवशी काय व्हायचे आहे, एवढेच. समन्स बजावले का, कैफियत आली का, साक्षीदार आणायचा का. दिसायला साधी वही, पण तिच्यातली एक ओळ चुकली तर दावा गैरहजेरीत निकाली निघतो.

आणि मुदतीचे गणित तर शिक्षकमंडळींनी वर्गात घालावे असे आहे. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, हायकोर्टात 90 दिवस. अपिलाला निकालाची नक्कल लागते, आणि नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा मिळतात. पण ते कोणते? अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच. निकालानंतर तुम्ही आठ दिवस घरी बसलात तर ते आठ तुमच्या खात्यावर. नक्कल तयार होऊन कोर्टात पडून राहिली तर तेही तुमच्याच खात्यावर. म्हणून जाणता मुन्शी पक्षकार रडत असताना आधी नकलेचा अर्ज लिहितो. माणूस कठोर वाटतो खरा. पण त्या घटकेला त्याच्याइतका उपयोगी दुसरा कुणी नसतो.

धरणे आणि कालवे झाले तेव्हा हे जास्तच पटले. विष्णुपुरी, ऊर्ध्व पैनगंगा अशा कामांसाठी जमिनी गेल्या. 1894 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला कमी वाटला तर कोर्टाकडे प्रकरण पाठवा असा अर्ज करता येई. पण निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहाच आठवडे मिळत, आणि पैसे उचलताना 'हरकत राखून' असे लिहून द्यावे लागे. हे दोन शब्द कुणी सांगितले नाहीत म्हणून हक्क गमावलेला माणूस, आणि ते मुन्शीने सांगितले म्हणून वाढीव मोबदला मिळालेला त्याचाच बांधभाऊ, यांत फरक फक्त ओळखीचा. तो कायदा 2014 च्या आरंभी जाऊन नवा आला.

सगळेच मुन्शी धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणणार नाही. दर तारखेला खर्च म्हणून पैसे उकळणारेही होते, आणि तारीख पडणे त्यांना सोयीचेच असे. पण त्यांचीही बाजू पाहा: वकिलाकडून तुटपुंजा पगार, बाकी पक्षकार देईल ते, आणि म्हातारपणी पेन्शन नाही.

1998 मध्ये खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली. 2007 पासून ई-कोर्टाची योजना आली. आता प्रत्येक प्रकरणाला 16 अंक-अक्षरांचा क्रमांक असतो आणि पुढची तारीख मोबाईलवर दिसते. वहीचे काम हलके झाले. मात्र जुन्या जमिनीचा वाद निघाला की निजामकाळातला उर्दू कागद समोर येतोच. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत कुणबी नोंदी धुंडाळताना उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. ते कागद झरझर वाचून मराठीत सांगणारे जुने मुन्शी आता उरले नाहीत.