सागवानी कॅमेरा

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना भिंगांचा विचार होतो, रसायनांचाही होतो. पण ही सारी सामग्री ज्या पेटीत बसवावयाची त्या पेटीची वास्तपुस्त कोणी करीत नाही. समुद्रकाठच्या आपल्यासारख्यांनी तरी ती करावयास हवी.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजींसारखे एतद्देशीय गृहस्थही या कलेत रमले. यंत्रे मात्र विलायतेची: बहुधा महोगनीची पेटी, सरसाने जोडलेले सांधे, चामड्याचा भाता. थंड मुलखात ही रचना उत्तम. मुंबईची हवा निराळी. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात, आणि मीठ हवेतील ओल ओढून घेते. मग लोखंडी स्क्रू गंजतो, सरस मऊ पडतो, लाकूड फुगते, भात्याला बुरशी लागते. सांध्यात केसाएवढी फट पडली तरी आत उजेड शिरून काचेवरचे चित्र बिघडते. एखाद्या पडक्या देवळाचे चित्र असे गेले आणि पुढे देऊळही गेले, तर इतिहासाचा एक साक्षीदार कायमचा मुका झाला!

यावरचा उपाय कॅमेरे करणाऱ्यांना नवा असला, तरी गोदीतल्या सुतारांना जुनाच होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. सागाच्या अंगी तेल असते. त्यामुळे तो पाण्याला आणि किडीला सहसा दाद देत नाही. पुढे इंग्रज कारागिरांनी उष्ण प्रदेशांसाठी सागवानी कॅमेरे काढले. विसाव्या शतकाच्या आरंभीचा सँडरसनचा ‘ट्रॉपिकल’ त्यांपैकीच. त्यांच्या कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत, आणि सांधे केवळ सरसाच्या भरवशावर न सोडता पितळी स्क्रूंनी आवळलेले असत. आज ते पितळ आपल्याला शोभेचे वाटते; वस्तुतः ती ओलीविरुद्ध उभारलेली तटबंदी होती.

भिंग मात्र सागाचे करता येत नाही. त्यावर वाढलेली बुरशी काचेलाही कायमचे डाग पाडते. म्हणून आजही कॅमेरा कोंदट चामडी पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावा, आणि ते जेल वेळोवेळी वाळवावे. साधने बदलली, सूत्र तेच राहिले: वस्तू ज्या हवेत नांदवावयाची, ती हवा आधी ओळखावी.