डोंगरातला समुद्र

खाली वाघूर नदी वाहतेय. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध चालू आहे, अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात तुम्ही उभे आहात आणि तुमच्या हाताला चिखल लागलाय. भाताचं तूस कालवून केलेला हा गिलावा कातळावर चढवायचा, वर चुन्याचा पातळ हात द्यायचा, मग रंग. भिंतीवर जहाज उमटतंय: तीन डोलकाठ्या, तीन शिडं, मागच्या बाजूला मांडलेली मडकी. गोष्ट सोपाऱ्याच्या पूर्ण या बौद्ध भिक्खूची. चंदन भरून निघालेलं भावाचं जहाज वादळात सापडतं आणि पूर्ण ते वाचवतो. कोकणचा किनारा इथून किती लांब, मध्ये अख्खा सह्याद्री. तरी समुद्र डोंगरात आलाय.

आता सप्टेंबर १९०३. फ्रान्समधल्या बर्गंडीत, बिशाँ नावाच्या खेड्यात, सासुरवाडीला आलेल्या संगीतकार क्लोद दब्युसीच्या खांद्यावरून तुम्ही डोकावताय. वय ४१. लहानपणी त्याला खलाशी करायचं घाटत होतं. आंद्रे मेसाजे या मित्राला तो कळवतोय की समुद्रावर संगीत लिहायला घेतलंय. इथल्या टेकड्यांना समुद्र लागत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण आठवणी अगणित आहेत, आणि प्रत्यक्षापेक्षा त्याच बऱ्या, कारण प्रत्यक्षाचं सौंदर्य विचारांवर ओझं टाकतं. मला हे मनापासून पटतं. १९०५ मध्ये स्वरलिपी छापली गेली तेव्हा मुखपृष्ठावर जपानी चित्रकार होकुसाईची लाट होती. म्हणजे तीही जपानहून कागदावरूनच आलेली.

१५ ऑक्टोबर १९०५, पॅरिस. लामुरो वाद्यवृंद, संचालक कामीय शेव्हियार. दब्युसीचं तेच संगीत, ‘ला मेर’ म्हणजे ‘समुद्र’, पहिल्यांदाच वाजतंय. टिंपनीचा अगदी दबका घुमारा, खाली डबल बासचा खर्ज, हार्पचे मोजके स्वर. अजून उजाडायचंय. पहिल्या भागाच्या मध्यावर मात्र सावध राहा. तिथे चेलो चार गटांत विभागून एकत्र उसळतात. दब्युसीनं त्यासाठी १६ चेलो मागितलेत, एरवीच्या वाद्यवृंदात असतात त्याहून बरेच जास्त. चाल एकच, पण चार थरांतून येते, आणि खालचा थर वरच्याला उचलून धरतो. हे कान देऊन ऐका.

टाळ्या बेताच्याच. तयारी कच्ची पडलीय, ते कळतंय. ‘ल ताँ’ या वर्तमानपत्रात समीक्षक पिएर लालो लिहितो की त्याला समुद्र ऐकू आला नाही, दिसला नाही, त्याचा वासही आला नाही.

लालोला गाठा. तुम्ही संभाजीनगरचे, पैठणला धरणाच्या भिंतीवरून नाथसागर पाहताना पलीकडचा काठ दिसला नाही, तेव्हा त्यालाच समुद्र मानलंत. दोन नंबरच्या लेण्यातलं जहाजही तुम्हाला माहीत आहे. या माणसाशी तुम्ही नाही भांडायचं तर कुणी?